ओलांडा वाळतोय, पण पंचनाम्यात कुठंच नाही! खरड छाटणीच्या तोंडावर 'डायबॅक'चा हिशेब

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत, खानापूर. कुठल्याही गावात पारावर बसा, द्राक्षाचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास कानावर पडतात. एक म्हणजे यंदा घडच कमी लागले. दुसरी म्हणजे अमक्यानं बाग तोडली, तमका पुढच्या महिन्यात तोडणार आहे. या दोन्ही गोष्टींवर बातम्या भरपूर झाल्या, निवेदनं झाली, मोर्चे झाले.

तिसरी गोष्ट मात्र फक्त बागेत उभं राहूनच बोलली जाते. ओळीत चालताना दर दहा-पंधरा झाडांमागं एखादं झाड अर्धं उघडं दिसतं. एका बाजूचा ओलांडा फुटलाय, दुसरा नुसता लाकूड होऊन तारेवर पडलाय. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, पाणी कमी पडलं असेल. दुसरा म्हणतो, खोडकिडा आहे. तिसरा म्हणतो, झाडाचं वय झालं. पण बागेचं वय सात-आठ वर्षंच असतं.

यातल्या बऱ्याच झाडांचा खरा आजार आहे खोडातली बुरशी. तिला आपल्याकडं कुणी डायबॅक म्हणतं, कुणी 'ओलांडा डेड झाला' म्हणून सोडून देतं. हा रोग डावणीसारखा आठ दिवसांत बाग काळी करत नाही. तो चार-पाच वर्षं आत बसून झाड खातो. म्हणूनच तो फवारणीच्या वेळापत्रकात नाही, पीक विम्यात नाही आणि पंचनाम्यातही नाही. आणि खरड छाटणी तोंडावर आलेली असताना त्याच्यावर बोलणं सगळ्यात जास्त गरजेचं आहे, कारण हा रोग आत शिरतो तो छाटणीच्या जखमेतूनच.

रोग आत शिरतो कसा?

आपल्यासारख्या उष्ण भागात या रोगाचं मुख्य कारण म्हणजे 'लॅसिओडिप्लोडिया' नावाची बुरशी. जुन्या पुस्तकात तिलाच 'बोट्रिओडिप्लोडिया' म्हटलेलं सापडेल. ही फक्त द्राक्षावर जगत नाही. आंब्याची फांदी शेंड्याकडून वाळत येते, त्यातही हीच असते. लिंबूवर्गीय झाडावर असते, पेरूवरही असते. म्हणजे बागेच्या कडेला वाळलेलं आंब्याचं झाड उभं असेल तर तेही बियाणं धरून ठेवू शकतं.

मेलेल्या लाकडाच्या सालीवर या बुरशीचे बारीक काळे पुरळ येतात. पाऊस पडला, लाकूड भिजलं की त्या पुरळातून बीजाणू बाहेर येतात आणि पावसाच्या थेंबाबरोबर, वाऱ्याबरोबर उडतात. ताजी कापलेली जखम मिळाली की तिथं रुजतात. पानातून हा रोग शिरत नाही, घडातून खोडात उतरत नाही. त्याला लागतं उघडं लाकूड. जखम ताजी असताना धोका सगळ्यात जास्त, पुढं ती वाळत जाईल तसा कमी होतो. पण ती पूर्ण बंद व्हायला काही आठवडे जातात.

एकदा आत गेली की बुरशी लाकडातून खाली खाली सरकते. तीस अंशाच्या आसपासची ऊब तिला मानवते, आणि आपल्याकडं ती ऊब वर्षातले बहुतेक महिने असते. ज्या नळ्यांतून मुळाचं पाणी वर जातं त्या नळ्या बंद पडतात. झाडही आपल्या परीनं डिंक भरून वाट अडवायला बघतं, त्यात आणखी नळ्या बंद होतात. वरून झाड हिरवं दिसतं, आतून अर्धं लाकूड मेलेलं असतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही बुरशी लाकडात वर्षानुवर्षं गप्प बसू शकते. झाड सशक्त आहे तोवर काही दिसत नाही. झाडाला ताण बसला, मग तो पाण्याचा असो, उन्हाचा असो की जास्त घड ठेवल्याचा, की ती हातपाय पसरते. म्हणून आपल्याला वाटतं की पाणी कमी पडलं म्हणून झाड गेलं. पाण्याचा ताण हे निमित्त असतं. रोग आधीच घरात असतो.

आपल्याकडं धोका दुप्पट का?

फ्रान्स, इटली, कॅलिफोर्निया इथंही हे खोडाचे रोग आहेत. तिथं त्यांचे प्रकारही जास्त, युटायपा आहे, एस्का आहे. फ्रान्समध्ये या रोगांमुळं सुमारे १२ टक्के द्राक्षक्षेत्राला फटका बसून उत्पादन जातं असा तिथला अंदाज सांगितला जातो. पूर्वी तिथं यावर सोडियम आर्सेनाइट हे जालीम विष वापरत. माणसालाच घातक म्हणून २००१ साली त्यावर बंदी आली, आणि तेव्हापासून तिथंही झाडाच्या आत जाऊन हा रोग बरा करणारं औषध मिळालेलं नाही. एवढा पैसा, एवढं संशोधन असलेल्या देशात ही अवस्था आहे. तेव्हा दुकानात कुणी 'हे सोडा, डायबॅक जातो' म्हणून बाटली काढली तर खिशाला हात लावण्याआधी विचार करा.

पण त्यांच्यात आणि आपल्यात एक मोठा फरक आहे. तिकडं थंडीत वेल झोपी जाते आणि वर्षातून एकदाच छाटणी होते. आपल्याकडं वेल झोपतच नाही. आपण वर्षातून दोनदा कापतो. मार्च-एप्रिलला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी.

साधा हिशेब करून बघू. नऊ बाय पाच फुटांवर लागण असेल तर एकरात साधारण ९६८ झाडं बसतात. एका झाडावर ३० काड्या धरल्या तर एका छाटणीत २९ हजार जखमा होतात. दोन छाटण्यांच्या ५८ हजार. यात शेंडा खुडणं, विरळणी धरलेली नाही. वर काही जण मण्याला फुगवण यावी म्हणून गर्डलिंग करतात, ती तर थेट खोडाची किंवा ओलांड्याची साल काढलेली जखम. पिठ्या ढेकूण मारायला साल खरवडतात, त्यात कुणाचं हत्यार लाकडापर्यंत जातं. म्हणजे एकरी वर्षाला अर्ध्या लाखावर दारं आपणच उघडतो, आणि त्यातली किती बंद करतो?

खरड छाटणीच्या जखमा जास्त धोक्याच्या आहेत. तेव्हा आपण काडी ओलांड्याजवळ कापतो. म्हणजे बुरशीला वाटचाल थोडीच करावी लागते, दारातून थेट माजघरात. शिवाय पानं गेल्यावर ओलांडा एप्रिलच्या चाळीस अंशाच्या उन्हात दोन-तीन आठवडे उघडा पडतो. वरची साल भाजते, तडकते. ती तडकसुद्धा जखमच. आणि मग येतो वळीव.

२०२५ चं वर्ष विसरून चालणार नाही

मागच्या काही वर्षांची उजळणी करा. २०१८ चा दुष्काळ, टँकरनं जगवलेल्या बागा. २०१९ ला महापूर आणि लगेच परतीचा पाऊस. २०२३ ला पुन्हा पावसाची ओढ. म्हणजे झाडाला कधी तहान, कधी बुडवणं. खोडातल्या बुरशीला यापेक्षा सोयीचं काय हवं?

त्यात २०२५ चं साल वेगळंच निघालं. मे महिन्यातच पाऊस धरला. २६ मेला मान्सून मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर तो याआधी आल्याची नोंद नाही. ज्यांची खरड छाटणी एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात झाली होती त्यांच्या जखमा ताज्या होत्या आणि वरून रोज पाऊस. पुढं पाऊस ऑक्टोबरपर्यंत सुटला नाही. फळछाटणी कुणी पुढं ढकलली, कुणी पावसाच्या उघडिपीत उरकून घेतली. म्हणजे एकाच वर्षात दोन्ही छाटण्यांच्या जखमा ओल्यात गेल्या.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला पाहिजे. २०२५-२६ च्या हंगामात घड कमी लागले याचं खापर डायबॅकवर फोडू नका. काडीत घडनिर्मिती होते ती खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, आणि तिला ऊन लागतं. मे-जूनमध्ये ढग आणि पाऊस राहिला, ऊन मिळालं नाही, म्हणून काड्या वांझ निघाल्या. तो वेगळा विषय. काडी वांझ निघाली म्हणून घाईघाईनं ओलांडे कापायला सुरुवात केली तर चांगलं झाड हकनाक जाईल.

डायबॅकचं बिल लगेच येत नाही. २०२५ च्या जखमांतून जे आत गेलं असेल ते २०२७, २०२८ ला ओलांडा वाळल्यावर दिसेल. तोवर आपण पाऊस विसरलेलो असू. तेव्हा पुन्हा म्हणू, पाणी कमी पडलं असेल.

कागदावर हा रोग का येत नाही?

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. शेतकऱ्याला मदत मिळते ती दोन वाटांनी. एक विमा, दुसरी पंचनामा.

द्राक्षाला जो फळपीक विमा आहे तो हवामानावर आधारित आहे. अवेळी पाऊस, कमी तापमान यांचे आकडे मंडळातल्या हवामान केंद्रावर मोजले जातात आणि ठरलेल्या मुदतीत ठरलेली मर्यादा ओलांडली तर भरपाई बसते. गारपीट वेगळी. या विम्याला तुमच्या झाडाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त यंत्रातला आकडा दिसतो. झाड मेलं, एकरात शंभर मेली, तरी यंत्रात काही उमटत नाही.

दुसरी वाट पंचनाम्याची. आपत्ती निवारण निधीच्या निकषात ३३ टक्क्यांवर नुकसान लागतं. बहुवार्षिक पिकाला केंद्राचा दर हेक्टरी २२ हजार ५०० रुपये आहे. पण त्यासाठी घटना लागते, तारीख लागते. अमक्या दिवशी पाऊस झाला, अमक्या दिवशी गारा पडल्या. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत किडीचा हल्ला आहे, आणि २०१७ ला बोंडअळीनं कापूस गेला तेव्हा राज्यानं मदत जाहीर केली होती. पण बोंडअळी एका हंगामात सगळ्या शिवारात दिसली. डायबॅक यंदा पाच झाडं नेतो, पुढच्या वर्षी बारा, त्याच्या पुढच्या वर्षी तीस. कुठल्याच वर्षी ३३ टक्के होत नाही. आणि ज्या वर्षी होतं त्या वर्षी मालकानं बाग तोडलेली असते.

थोडक्यात, सरकारी मदत हंगाम मोजते आणि हा रोग झाडाचं आयुष्य कमी करतो. दोघांची गाठच पडत नाही.

याचा तोटा फक्त भरपाई मिळत नाही एवढाच नाही. नोंद नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून प्रश्नच नाही. कुठल्या तालुक्यात दर एकरी किती झाडं मेलेली आहेत, कुठल्या जातीत जास्त, कुठल्या जमिनीत जास्त, हे गावपातळीवर कुणी मोजत नाही. बाग तोडली की कारण लिहिलं जातं 'दर नाही' किंवा 'निसर्ग'. ती कारणं खोटी नाहीत. औषधाचा खर्च, मजुरी, बेभरवशाचा पाऊस, व्यापाऱ्यानं बुडवलेले पैसे, या सगळ्यामुळं माणूस खचलाय. पण खर्च तोच आणि झाडं कमी, हे गणित त्या खचण्यात किती भर घालतं तेही बघायला पाहिजे.

समजा एकरात दहा टक्के झाडं गेली, म्हणजे सुमारे ९७. झाडाला दहा किलो माल आणि किलोला ४० रुपये दर धरला तर वर्षाला ३८ हजार ८०० रुपयांचा माल कमी. मांडव तेवढाच, ठिबक तेवढंच, फवारणीचं पाणी जवळपास तेवढंच, बँकेचा हप्ता तर तेवढाच. ज्या वर्षी दर पडतो त्या वर्षी हेच ३८ हजार तोट्याचा खड्डा खोल करतात. पंधरा वर्षं चालेल म्हणून कर्ज काढून उभी केलेली बाग नवव्या वर्षी काढावी लागली तर उरलेली सहा वर्षं कोण भरून देणार?

आधी ओळख, मग कुऱ्हाड

झाड वाळतंय म्हणजे डायबॅकच, असं नाही. कापून बघितल्याशिवाय ठरवू नका. ज्या ओलांड्याची फूट उशिरा आली, पेरं आखूड राहिले, पानं लहान राहिली, किंवा मण्यात पाणी उतरताना अचानक फूट सुकली, तो ओलांडा आडवा कापा आणि लाकूड बघा.

- लाकडात पाचरीसारखा, म्हणजे कलिंगडाच्या फोडीसारखा तपकिरी-काळसर डाग आहे, तो भाग कडक आहे आणि बाकी लाकूड पांढरं-ओलं आहे, तर खोडाच्या बुरशीचा संशय पक्का धरा.
- लाकडात बारीक काळे ठिपके आहेत, कापल्यावर त्यातून काळपट चिकट येतंय, तरीही बुरशीच, पण प्रकार वेगळा. हे नवीन बागेतही दिसू शकतं.
- भोक आहे, आत पोकळ बोगदा आहे, खाली भुसा पडलाय, तर खोडकिडा. अर्थात खोडकिड्याच्या भोकातून बुरशीही शिरते, म्हणून दोन्ही एकत्र सापडू शकतात.
- लाकूड स्वच्छ आहे, डाग नाही, तरी झाड बसलंय, तर मुळाकडं बघा. मूळकूज, सूत्रकृमी, चुनखडीची जमीन, साचलेलं पाणी किंवा तणनाशकाचा दणका.

शंका असेल तर नमुना कृषी विज्ञान केंद्राकडं किंवा पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडं दाखवता येतो. नमुना घेताना पूर्ण वाळलेलं लाकूड नेऊन उपयोग नाही. जिथं मेलेलं आणि जिवंत लाकूड एकमेकाला भिडतं तो तुकडा घ्या, कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला की वाटेतच दुसरी बुरशी चढते.

या छाटणीला काय करता येईल?

औषधानं आतली बुरशी जात नाही हे एकदा मान्य केलं की काम सोपं होतं. मग दोनच गोष्टी उरतात. आजारी लाकूड बाहेर काढणं आणि नवी जखम झाकणं.

पहिलं, आजारी झाडं आधी खुणवा. पानं असतानाच ओळीत फिरून लाल चिंधी बांधा. एकदा छाटणी झाली की चांगलं-वाईट झाड सारखंच दिसतं. खुणवलेली झाडं शेवटी छाटा आणि कात्री, करवत निर्जंतुक करून घ्या. हा रोग मुख्यतः बीजाणूंनी, पावसातून पसरतो, कात्रीचा वाटा कमी. पण ही सवय स्वस्त आहे, नुकसान काही नाही.

दुसरं, हवामानाचा अंदाज बघून कात्री लावा. पुढचे चार-पाच दिवस पाऊस असेल तर थांबा. टोळीची तारीख ठरलीय म्हणून ओल्यात छाटणी करणं हे दोन दिवस वाचवून दोन वर्षं घालवण्यासारखं आहे.

तिसरं, वाळलेला ओलांडा कापताना डाग संपेपर्यंत कापा. जिथं लाकूड पांढरं दिसायला लागतं तिथून आणखी अर्धा फूट मागं जा. डाग ठेवून कापलं तर बुरशी तिथंच राहते आणि नवीन ओलांडाही दोन वर्षांत जातो. खोडापर्यंत डाग असेल तर खोड खाली कापून नवी फूट वर चढवावी लागते. इथं एक काळजी घ्या. आपल्या बागा बहुतेक डॉगरीज खुंटावर आहेत. फूट कलमाच्या सांध्याच्या वरूनच आली पाहिजे. सांध्याखालची फूट म्हणजे खुंट, तिला कितीही वाढवली तरी थॉमसन किंवा सोनाका लागणार नाही. डाग सांध्याखाली गेला असेल तर ते झाड सोडून द्या.

चौथं, जखम झाकणं. अंगठ्याएवढी आणि त्याहून जाड प्रत्येक जखम, मग ती ओलांड्याची असो की खोडाची, त्याच दिवशी बोर्डो पेस्टनं झाका. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवा, मग एकत्र करा. भांडं लोखंडी नको, प्लॅस्टिकचं घ्या. राहिलेल्या हजारो बारीक जखमांना पेस्ट लावणं शक्य नाही, त्यासाठी छाटणी झाल्यावर एक टक्का बोर्डोची फवारणी ओलांडे चिंब होतील अशी घ्या. ट्रायकोडर्माची पेस्ट लावणारेही शेतकरी आहेत, तीही चालते. मात्र एकाच जखमेवर दोन्ही नको, तांबं ट्रायकोडर्माला मारक ठरतं. बाकी कुठलंही बुरशीनाशक लावायचं असेल तर द्राक्ष संशोधन केंद्राची मान्य औषधांची यादी बघूनच, नाहीतर युरोपला माल पाठवणाऱ्यांना रेसिड्यूचा नवा ताप व्हायचा.

ओलांडे एकसारखे फुटावेत म्हणून काही जण गोणपाट टाकतात, पाणी मारतात. उन्हापासून ते चांगलंच. पण आधी पेस्ट, मग पाणी, हा क्रम ठेवा.

पाचवं, मेलेलं लाकूड बागेत ठेवू नका. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. हिरव्या, निरोगी काड्यांचा चुरा करून बोदावर टाकणं जमिनीला चांगलं आहे, ते बंद करायचं कारण नाही. पण वाळलेले ओलांडे, जुनी खोडं यांचा ढीग आपण बांधावर वर्षानुवर्षं ठेवतो, चुलीला होईल म्हणून. तो ढीग म्हणजे बुरशीचं बियाण्याचं गोदाम. पावसाळ्याआधी तो जाळला किंवा घरी शेडखाली कोरड्यात नेला, तर मोठं काम होतं. आणि हे एकट्यानं करून भागत नाही. बांधाला बांध लागून आहे, शेजारच्या तोडलेल्या बागेची खोडं जूनपर्यंत पडून राहिली तर तुमच्या पेस्टचा निम्मा उपयोग गेला.

सहावं, ताण टाळा. आजारी झाडावर घड कमी ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाणी तोडू नका.

मेलेल्या झाडाच्या जागी नवीन रोप लावणं जुन्या बागेत फारसं जमत नाही. दोन्हीकडच्या मोठ्या झाडांच्या सावलीत ते दबून जातं. त्यापेक्षा शेजारच्या सशक्त झाडाचा ओलांडा लांबवून मोकळी तार भरणं बऱ्याचदा परवडतं.

टोळी, उक्तं आणि पेस्ट

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, सांगायला सोपं आहे, माणसं कुठं आहेत? खरं आहे. आता छाटणी घरच्या माणसांनी होत नाही. टोळीला एकरी उक्तं दिलं जातं. उक्त्यात माणूस जितका लवकर पुढं जाईल तितकी त्याची मजुरी पडते. डाग बघा, अर्धा फूट मागं कापा, जखमेला पेस्ट लावा, हे त्याच्या हिशेबात बसत नाही. त्याचा दोष नाही, आपण ते ठरवलेलंच नसतं.

म्हणून ठरवतानाच बोला. पेस्ट लावायला टोळीमागं एक माणूस वेगळा लावा आणि त्याची हजेरी वेगळी द्या. मागं हात फिरवणारा माणूस घरचा असेल तर उत्तमच. डब्यात ब्रश घेऊन ओळीनं चालणं हे अवजड काम नाही. मोरचूद-चुन्याचा खर्च तर एका बुरशीनाशकाच्या फवारणीपेक्षाही कमी पडतो.

आणि हे काम बाग तरुण असतानाच सुरू करा. कॅलिफोर्नियात यावर अभ्यास झालाय. बाग तिसऱ्या वर्षात असल्यापासून जखमा झाकल्या तर खर्च वसूल होऊन वर उरतं, आणि दहाव्या वर्षी जाग आली तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो, असं तिथं दिसलं. आपल्याकडं उलटं चालतं. नवीन बागेत झाडं देखणी असतात म्हणून कुणी पेस्टकडं बघत नाही, आणि झाडं मरायला लागली की धावपळ.

सायन काडी कुठून येते?

शेवटचा मुद्दा नव्या लागणीचा. आपल्याकडं खुंट शेतात लावून पावसाळ्याच्या आसपास त्यावर कलम भरतात. सायन काडी आणतात कुठून? पाहुण्याच्या बागेतून, नाहीतर ज्याची बाग गाजतेय त्याच्याकडून. घड बघून काडी निवडतात, खोड कुणी बघत नाही. ती बाग आतून आजारी असेल तर आजारही फुकटात येऊ शकतो. निदान एवढं करा, ज्या बागेत वाळलेले ओलांडे दिसतात तिथली काडी आणू नका. काडी आडवी कापून बघा, आत डाग असेल तर अख्खी मोळी परत द्या.

केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये 'क्लीन प्लांट प्रोग्राम'ला मंजुरी दिली. सुमारे १ हजार ७६६ कोटींची ही योजना आहे, देशात नऊ केंद्रं उभी राहायची आहेत आणि द्राक्षासाठी पुण्याचं केंद्र ठरलंय. चांगली गोष्ट आहे. पण तिचा मुख्य भर विषाणूमुक्त रोपांवर आहे. रोप स्वच्छ आलं तरी पुढची पंधरा वर्षं वर्षातून दोनदा आपणच ते कापणार आहोत. स्वच्छ रोपाची हमी सरकार देईल, जखमेची देणार नाही.

मग सरकारकडं मागायचं काय? मदतीच्या आधी मोजणी मागा. ई-पीक पाहणीत आपण बागेचा फोटो टाकतोच. त्यातच झाडांची संख्या आणि मेलेल्या झाडांची संख्या भरायची सोय झाली तर तीन वर्षांत प्रत्येक गावाचा आकडा तयार होईल. आकडा असेल तर बाग पुन्हा उभी करायला मदत द्या, फळपीक विम्यात झाडाच्या मृत्यूचा विचार करा, हे ठासून सांगता येईल. द्राक्ष बागायतदार संघानं आणि ग्रामसभांनी हा विषय धरायला हरकत नाही.

सरकार मोजेल तेव्हा मोजेल. तोवर प्रत्येकानं आपल्या बागेची मोजणी आपण करायची. वहीत ओळीचा नंबर, झाडाचा नंबर आणि ओलांडा वाळल्याचं साल. पुढच्या खरड छाटणीला तीच वही उघडली की रोग वाढतोय की थांबलाय हे कुणाला विचारावं लागणार नाही.